कॅनडात मोटरबोट चालवायचं कार्ड: अभ्यास कसा करायचा, परीक्षा कशी द्यायची

जून उजाडला की ऑन्टारिओतल्या आपल्या मंडळींची कॉटेजची गडबड सुरू होते. चार कुटुंबं, दोन कूलर, भाजायला कणसं आणि धक्क्याला बांधलेली एक अॅल्युमिनियमची बोट. किल्ली देताना कॉटेजचा मालक एकच प्रश्न विचारतो, ‘‘कार्ड कोणाकडे आहे?’’ आणि आठ मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. गाडीचं फुल जी लायसन्स सगळ्यांकडे असतं, पण पाण्यावर त्याचा उपयोग नाही. हा लेख त्या आठांपैकी ज्याला किंवा जिला पुढच्या वर्षी ‘‘माझ्याकडे आहे’’ असं म्हणायचंय, त्यांच्यासाठी. आणि नुसतं म्हणायचं नाही, तर बोटीत बसलेल्या पोराबाळांना सुखरूप परत आणायचंय, त्यांच्यासाठी.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते

त्याचं पूर्ण नाव प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड. बोलताना सगळे ‘बोटिंग कार्ड’ म्हणतात. नियम 1999 साली आला, टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि सप्टेंबर 2009 पासून मौजेसाठी मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. मोटर केवढी याला महत्त्व नाही. मासे पकडायला लावतात ती छोटी बॅटरीवरची मोटर असली तरी चालवणाऱ्याजवळ कार्ड हवं. वल्ह्यांची कनू किंवा कयाक असेल तर नको. एकदा मिळालं की कार्ड जन्मभर चालतं, नूतनीकरण नाही. नसताना पकडलं तर दंड 250 डॉलर.

इथे एक घोळ नेहमी होतो. कार्ड माणसाचं असतं आणि लायसन्स बोटीचं. 10 हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठी मोटर असलेल्या बोटीला प्लेझर क्राफ्ट लायसन्स घ्यावं लागतं, त्याचा नंबर बोटीच्या पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना निदान 7.5 सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत रंगवलेला असतो. परीक्षेत हे दोन्ही येतं, आणि ‘लायसन्स’ शब्द दिसला की आपलं मन आपोआप माणसाच्या लायसन्सकडे धावतं. तिथे जरा थांबून प्रश्न पुन्हा वाचा.

मुलंही कार्ड काढू शकतात, पण वयाप्रमाणे मोटरची मर्यादा आहे. 12 वर्षांखालच्या मुलांना देखरेखीशिवाय 10 हॉर्सपॉवरपर्यंत, 12 ते 16 च्या आतल्यांना 40 पर्यंत, 16 पासून मर्यादा नाही. देखरेख करणारा 16 किंवा त्याहून मोठा हवा. जेट स्कीसारखं पर्सनल वॉटरक्राफ्ट 16 च्या आत चालवायचंच नाही, शेजारी बाबा बसले असले तरी. हे आकडे तोंडपाठ करा, यावर प्रश्न येतोच.

पहिली पायरी: कुठे नाव घालायचं

परीक्षा सरकार स्वतः घेत नाही. ट्रान्सपोर्ट कॅनडा या केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने मान्यता दिलेल्या संस्था अभ्यासक्रम शिकवतात आणि परीक्षा घेतात. मान्यताप्राप्त संस्थांची यादी ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या संकेतस्थळावर आहे. इंटरनेटवर शोधून पहिली दिसेल तिथे पैसे भरू नका, आधी ते नाव यादीत आहे का बघा. फी देताना दोन गोष्टी विचारा: नापास झालो तर पुन्हा बसायचे पैसे वेगळे का, आणि छापील कार्ड फीमध्ये धरलंय का.

बहुतेक जण घरी बसून ऑनलाइन करतात. त्यात निदान 3 तास धडे वाचावे लागतात. पानांना वेळ लावलेला असतो, भराभर पुढे सरकता येत नाही. मात्र तुम्ही आजवर कधीच बोटीत बसला नसाल, तर माझं मत वर्गात बसून शिकायच्या बाजूचं आहे. कॅनेडियन पॉवर अँड सेल स्क्वाड्रन्स ही जुनी संस्था असे वर्ग घेते. शिकवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाण्यावर काढलेली असतात आणि ते दोरी, बोया (पाण्यावर तरंगणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या खुणा), जॅकेट प्रत्यक्ष हातात देतात. कागदावर ‘15 मीटर दोरी’ वाचणं वेगळं आणि ती न गुंतता फेकून बघणं वेगळं.

दुसरी पायरी: अभ्यासाचा क्रम

धडे कायद्यापासून सुरू होतात. तुमची उजळणी बोयांपासून सुरू करा. मी पहिल्या खेपेला धड्यांच्या क्रमानेच गेलो, कायदे घोकले, आणि बोया व दिवे शेवटच्या रात्रीवर ठेवले. परीक्षेत 50 प्रश्न असतात आणि 75 टक्के लागतात, म्हणजे 38 बरोबर. मला 36 मिळाले. चुकलेल्या 14 पैकी बहुतेक बोया आणि दिव्यांचेच होते. ते घोकून येत नाहीत, डोळ्यांना सवय लागावी लागते, आणि त्याला चार-पाच दिवस जातात.

त्याआधी एका संध्याकाळी शब्द करून घ्या. बोटीचा पुढचा भाग बो, म्हणजे कोकणात ज्याला नाळ म्हणतात ती. मागचा भाग स्टर्न. पुढे तोंड करून उभं राहिल्यावर डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. ‘पोर्ट’ आणि ‘लेफ्ट’ दोन्ही शब्दांत इंग्रजी अक्षरं चार, ही जुनी खूण पुरते. पोर्टचा दिवा लाल, स्टारबोर्डचा हिरवा. हे एवढं पक्कं झालं की पुढची निम्मी परीक्षा उलगडत जाते.

बोया

मूळ नियम असा: प्रवाहाच्या वरच्या दिशेने जाताना, म्हणजे समुद्राकडून आत, बंदरात शिरताना किंवा नदीच्या उगमाकडे जाताना, लाल बोया आपल्या उजव्या हाताला आणि हिरवी डाव्या हाताला ठेवायची. इंग्रजीत ‘रेड राइट रिटर्निंग’ म्हणतात. खाली परतताना अर्थातच उलट.

कोकणातून आलेल्या आणि बंदराची सवय असलेल्या वाचकांना इथे खास सांगतो. भारतात याच्या बरोबर उलट पद्धत आहे. मुंबई बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला राहते. जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत. भारत आणि युरोप एका गटात, कॅनडा आणि अमेरिका दुसऱ्या. तेव्हा ज्याला आधीपासून येतं त्यानेच इथे जास्त सावध राहायचं.

मला हे शेवटी जेवणाच्या टेबलावर समजलं. लोणच्याच्या बरण्यांची लाल झाकणं आणि चटणीच्या बाटल्यांची हिरवी झाकणं घेतली, टेबलाच्या एका टोकाला ‘समुद्र’ आणि दुसऱ्या टोकाला ‘उगम’ असं चिठ्ठीवर लिहून ठेवलं, आणि मुलीची खेळण्यातली बोट त्यातून वर न्यायची, खाली आणायची. मध्येच ती एखादं झाकण हलवायची आणि मी चुकीच्या बाजूने गेलो की ‘‘बाबा, खडक!’’ म्हणून ओरडायची. तीन संध्याकाळी हे केलं आणि त्यानंतर बोयेचा एकही प्रश्न चुकला नाही.

वाहिनी, म्हणजे बोटींची पाण्यातली वाट, दुभंगते तिथे एकाच बोयेवर लाल आणि हिरवा असे दोन्ही पट्टे असतात. तिचा वरचा रंग बघायचा. वरचा लाल असेल तर ती लाल बोया समजून चालायचं, म्हणजे मुख्य वाट सापडते.

मग येतात दिशा दाखवणाऱ्या पिवळ्या-काळ्या कार्डिनल बोया. त्यांच्या डोक्यावर दोन शंकू असतात. दोन्ही टोकं वर असतील तर उत्तर, दोन्ही खाली तर दक्षिण. टोकाला टोक भिडून डमरू झाला असेल तर पश्चिम. बुडाला बूड लागून शंकरपाळी झाली असेल तर पूर्व. बोया ज्या दिशेची, त्या दिशेला सुरक्षित पाणी. डमरू दिसला की त्याच्या पश्चिमेने जा. शंकू नसतील तर रंगावरून ओळखायचं, आणि त्याला मी एक ओळ केली आहे: शंकूचं टोक जिथे, काळा रंग तिथे. उत्तरेच्या बोयेत काळा वर, दक्षिणेच्या खाली, डमरूत मधोमध, शंकरपाळीत वर आणि खाली. रात्री दिवा किती वेळा लुकलुकतो ते घड्याळासारखं आहे: पूर्व 3, दक्षिण 6 आणि मग एक लांब, पश्चिम 9, उत्तर सतत.

पांढऱ्या बोयांवर केशरी आकृती असते. गोल म्हणजे वेगमर्यादेसारखा काही नियम, चौकोन माहितीचा. पतंगासारखा आकार म्हणजे धोका, आणि त्याच आकारात फुली असेल तर आत यायचंच नाही.

वाट कोणी द्यायची आणि दिवे

हे दोन धडे वेगवेगळे शिकवतात, पण ते एकच आहेत. बोटीचा लाल दिवा समोरून डाव्या बाजूला 112.5 अंशांपर्यंत दिसतो, हिरवा तसाच उजव्या बाजूला, आणि मागचा पांढरा उरलेल्या 135 अंशांत. वाट देण्याचे विभागही नेमके हेच. समजा अंधारात तुमच्या उजव्या हाताकडून एक मोटरबोट आडवी येते आहे. तिची कोणती बाजू तुमच्याकडे आहे? डावी. म्हणजे तुम्हाला लाल दिवा दिसतो. लाल दिसला म्हणजे तुम्ही वाट द्यायची, वेग कमी करून तिच्या मागून जायचं. डावीकडून येणारीचा तुम्हाला हिरवा दिसतो, म्हणजे तुम्ही आपल्या वाटेने, आपल्या वेगाने, पण नजर ठेवून जायचं. रस्त्यावरच्या सिग्नलचाच हिशोब आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती बोट थेट तुमच्यावर येते आहे, आणि दोघांनीही उजवीकडे वळायचं.

मागून येऊन पुढे जाणाऱ्याने नेहमी वाट सोडायची, तो कोणीही असो. शिडाच्या आणि वल्ह्याच्या बोटींना मोटरबोटीने सहसा वाट द्यायची. अरुंद वाहिनीत मोठ्या जहाजाच्या आडवं जायचं नाही, त्याला चटकन थांबता येत नाही आणि तुम्ही त्याच्या कप्तानाला दिसतही नसाल.

भोंग्याचे इशारेही याच वेळी करून टाका. एक छोटा: मी उजवीकडे वळतोय. दोन: डावीकडे. तीन: इंजिन मागे टाकलंय. पाच छोटे: तुझं काय चाललंय ते कळत नाही, धोका आहे.

सामान: इथे यादी पाठ करावीच लागते

सामान बोटीच्या लांबीप्रमाणे बदलतं. कॉटेजवरच्या बोटी बहुतेक 6 मीटरच्या आतल्या असतात, म्हणून ती यादी आधी. प्रत्येकाच्या मापाचं लाइफजॅकेट किंवा पीएफडी (पर्सनल फ्लोटेशन डिव्हाइस, अंगात घालायचं तरंगायचं साधन). तरंगणारी, फेकायची 15 मीटर दोरी. पाणी उपसायला बादली किंवा हातपंप. वल्हं, नाहीतर 15 मीटर दोरी लावलेला नांगर. पाणी न शिरणारा टॉर्च, नाहीतर तीन फ्लेअर, म्हणजे संकटात पेटवायचे इशाऱ्याचे दिवे. शिट्टी किंवा भोंगा. पाण्यातून बोटीत चढायला अर्ध्या मीटरहून जास्त उंची असेल तर शिडी. आत बसवलेलं इंजिन, पक्की इंधनटाकी किंवा शेगडी असेल तर अग्निशामक. रात्री किंवा धुक्यात जाणार असाल तर दिवे. फ्लेअर बनवल्याच्या तारखेपासून 4 वर्षं चालतात.

लाइफजॅकेट आणि पीएफडी यांतला फरक हमखास विचारतात. लाइफजॅकेट लाल, केशरी किंवा पिवळंच असतं आणि बेशुद्ध माणसाला पाठीवर वळवून तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. पीएफडी वावरायला सोपं, अनेक रंगांचं, पण वळवेलच असं नाही. हवा भरून फुगणारं पीएफडी 16 वर्षांखालच्यांना आणि 36.3 किलोहून कमी वजनाच्यांना चालत नाही, जेट स्कीवरही नाही.

आपल्या सहलींत ‘प्रत्येकाच्या मापाचं’ हे दोन शब्द सगळ्यात जास्त मोडले जातात. कॉटेजच्या खोपटात सहा जॅकेटं असतात, सगळी मोठ्यांची, आणि पाच वर्षांच्या मुलाला त्यातलंच एक अडकवून पट्टा आवळतात. खांद्याला धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर पाण्यातही तसंच होईल आणि मूल त्यातून खाली निसटेल. मुलांचं जॅकेट स्वतःचं विकत घ्या आणि सोबत न्या.

इंधन आणि दारू

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. म्हणून हलवता येणारी टाकी धक्क्यावर काढून भरायची, माणसं उतरवायची, नळी टाकीच्या तोंडाला टेकलेली ठेवायची. इंजिन आत बसवलेलं असेल तर सुरू करण्याआधी वाफ बाहेर काढणारा पंखा निदान 4 मिनिटं चालवायचा. हे चार मिनिटं परीक्षेत येतात.

दारूबद्दल कायदा गाडीइतकाच कडक आहे. रक्तातली मर्यादा तीच, 100 मिलिलिटरमागे 80 मिलिग्रॅम, गुन्हाही क्रिमिनल कोडखालीच, आणि ऑन्टारिओत बोटीवर पकडलं तर गाडीचं लायसन्सही जातं. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची कायम सोय असलेली बोट नांगरलेली किंवा धक्क्याला बांधलेली असेल तरच तिच्यावर प्यायला परवानगी. कॉटेजच्या अॅल्युमिनियमच्या बोटीत ही सोय नसते. बिअरचा डबा हातात घेऊन फेरी मारायची नाही, आणि मित्र कितीही आग्रह करोत, बोटीची किल्ली त्या दिवशी न पिणाऱ्याच्याच खिशात राहायला हवी.

थंड पाणी

हा धडा परीक्षेत दोन-तीन प्रश्नांपुरताच असतो. तरीही सगळ्यात सावकाश हाच वाचा. आपण उष्ण देशातून आलो, पाणी थंड म्हणजे किती थंड याचा अंदाज आपल्या शरीराला नाही, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना पोहता येत नाही.

मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांनी थंड पाण्यात स्वतः उतरून यावर काम केलं. त्यांचं 1-10-1 हे सूत्र अभ्यासक्रमात आहे. पहिलं 1 मिनिट श्वासाचं: पडल्याबरोबर धाप लागते, तोंड पाण्यात असेल तर तिथेच संपतं, म्हणून त्या मिनिटात फक्त तरंगत राहायचं आणि श्वास ताब्यात आणायचा. मग 10 मिनिटं हातापायांची: तेवढ्यात जे करायचं ते करा, त्यानंतर बोटं चालत नाहीत. आणि मग शरीर गार पडून शुद्ध जायला साधारण 1 तास. पण तो तास जॅकेट अंगावर असलेल्यालाच मिळतो.

मे महिन्यात व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला लेक सिमकोच्या धक्क्यावर मी कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून बघितला. वर छान ऊन, सगळे टी-शर्टवर. काही मिनिटांनी हात बाहेर काढला आणि जॅकेटचं बक्कल लावायला गेलो. बोटं हलत होती, पण पकडत नव्हती. बायकोने लावून दिलं. ‘पाण्यात पडल्यावर जॅकेट घालू’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून बघावं. कायदा जॅकेट बोटीत असलं पाहिजे एवढंच मोठ्यांना सांगतो. माझ्या बोटीत जॅकेट अंगावर असल्याशिवाय मी दोरी सोडत नाही.

परीक्षेचा दिवस

50 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ 75 मिनिटं. वेळ भरपूर आहे, घाई नको. एकट्याने बसायचं, कोणाची मदत घ्यायची नाही असं तुम्ही आधी मान्य केलेलं असतं. ते पाळा. शेजारी बसून भावजींनी सांगितलेलं उत्तर धुक्यात उपयोगी पडत नाही.

प्रश्नात ‘नाही’, ‘सोडून’, ‘सर्वांत आधी’ असे शब्द आहेत का बघा. एखादी बोट आग लागून पेटली, माणूस पाण्यात पडला, इंजिन बंद पडलं, अशा प्रश्नांत चारही पर्याय बरोबर वाटतात, पण विचारलेलं असतं की सर्वांत आधी काय. तिथे बहुधा माणसांचा जीव आणि जॅकेट आधी, बोट नंतर. वाटेच्या प्रश्नांना कागदावर दोन बोटी काढा, डोक्यात फिरवू नका. कमी पडले तर 24 तासांनी पुन्हा बसता येतं. मी मधल्या दिवशी फक्त चुकलेले धडे वाचले आणि दुसऱ्यांदा 47 आले.

पास झाल्यावर तात्पुरतं प्रमाणपत्र लगेच छापून घेता येतं, कार्ड टपालाने येतं. बोटीत मूळ कार्ड सोबत लागतं, फोनमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका.

पहिल्या फेरीआधी

किनाऱ्यापासून 30 मीटरच्या आत ऑन्टारिओत वेग ताशी 10 किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, फलक असो वा नसो. पहिला दिवस त्याच वेगात काढा. बोटीला ब्रेक नसतो आणि ती मागच्या बाजूने वळते, हे हाताला कळायला वेळ लागतो. धक्क्याला लावायचा सराव रिकाम्या बोटीने, वारा पडलेला असताना, सात-आठ वेळा करा. हवामान खात्याचा अंदाज बघा. 20 ते 33 नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्याचा इशारा असेल तर त्या दिवशी पत्ते खेळा. तळ्यातल्या लाटा समुद्रापेक्षा बुटक्या असतात, पण एकीला लागून एक येतात आणि छोट्या बोटीला सावरायला उसंत देत नाहीत.

ऑन्टारिओतल्या ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गावर जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हा 386 किलोमीटरचा मार्ग ट्रेंटनकडून चढत जातो आणि पुढे जॉर्जियन बेकडे उतरतो. त्यामुळे कर्कफील्डच्या लिफ्ट लॉकपाशी, म्हणजे बोटी पाण्यासकट वर-खाली करणाऱ्या पाळण्यापाशी, बोयांच्या बाजू बदलतात. तिथपर्यंत उजव्या हाताला असलेली लाल तिथून पुढे डाव्या हाताला ठेवायची. टेबलावरची झाकणं तिथे पुन्हा आठवतात.

आणि निघण्याआधी किनाऱ्यावर राहणाऱ्या एकाला कागदावर लिहून द्या: बोटीचा रंग आणि नंबर, कोण कोण आहे, कुठल्या बाजूला जातोय, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करायचा. आमच्याकडे तो कागद आईजवळ असतो. ती धक्क्यावर खुर्ची टाकून बसते, कागद पदराखाली दुमडून ठेवते, आणि बोट बांधून झाल्यावर माणसं मोजूनच परत देते.